टॉर्क रॉडला स्प्लिट पिन नाही, चेनचं लॉक उलटं: मेस्त्रीला हे कसं सांगावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. विषय मागच्या ब्रेकचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी 125 सीसी, मागे ड्रम ब्रेक, साधी उघडी चेन. कराडात मी ती ऑफिसला नेतो आणि मुलगी क्लासला विद्यानगरला. पावसाच्या आधी कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाऊन यायचं ठरलंय, म्हणून गाडी मेन स्टँडवर लावून चेन धुवायला घेतली. मागचं चाक हाताने फिरवलं तर जड जात होतं, ब्रेक घासत होता. ब्रेक रॉडचा नट सैल करायला वाकलो तेव्हा टॉर्क रॉडला (ब्रेकची प्लेट फिरू न देणारी दांडी) हात लागला आणि तो खुळखुळला. ब्रेक प्लेटकडच्या टोकाचा नट शेवटच्या आट्यांवर येऊन थांबला होता. बोल्टच्या भोकात स्प्लिट पिन (नट निसटू नये म्हणून घालून वाकवायची पिन) नव्हती. भोकात ग्रीस भरलेलं होतं, म्हणजे पिन पडलेली नाही, ती घातलीच नव्हती.

मग बाकीचंही नीट बघितलं. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप उलटी बसवलेली. चेन एवढी ताठ की मधोमध बोटाने दाबली तर जेमतेम हलत होती. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये 20 ते 30 मिलिमीटर खेळ सांगितलाय.

मागच्या महिन्यात ओळखीच्या गॅरेजात मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) बदलले आणि तेव्हाच चेन टाइट करून घेतली. त्यानंतर त्या चाकाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

मेस्त्री चांगला माणूस आहे. वर्षानुवर्षं गाडी त्याच्याकडेच जाते, कधी नको ते पार्ट गळ्यात मारलेले नाहीत. पण ही गाडी माझी मुलगी चालवते, आणि नट निसटला असता तर काय झालं असतं याचा विचार करून मला रात्री झोप लागली नाही. फोटो काढून ठेवलेत. गाडी जागेवर उभी आहे. त्याच्याशी कसं बोलावं? आणि त्याने आजवर केलेलं बाकीचं काम परत तपासावं का?

रिंगपाना

गाडी उभी ठेवलीत हे उत्तम केलंत. हे किती गंभीर आहे ते इथे सगळ्यांना कळावं म्हणून आधी तेच लिहितो.

ड्रम ब्रेकमध्ये शू ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट अ‍ॅक्सलवर (चाकाच्या आसावर) नुसती ओवलेली असते. ब्रेक दाबला की फिरता ड्रम शूंना आणि शूंबरोबर प्लेटला आपल्यासोबत ओढायला बघतो. तिला जागेवर धरतो तो टॉर्क रॉड: एक टोक प्लेटला, दुसरं चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला. तो सुटला तर प्लेट चाकाबरोबर फिरते. ब्रेकचा आर्म बहुतेक गाड्यांत खालच्या बाजूला असतो. पुढे जाताना चाकाची खालची बाजू मागे सरकते, म्हणजे आर्मही मागे जातो आणि पेडलकडून आलेला ब्रेक रॉड आणखी ताणला जातो. याचा अर्थ पाय काढला तरी ब्रेक स्वतःहून जास्त लागत जातो. चाक जाम होतं, नाहीतर ब्रेक रॉड वाकतो किंवा तुटतो आणि मागचा ब्रेकच जातो. घाटाच्या उतारावर यातलं काहीही होणं परवडणारं नाही.

आता नुसती नवी पिन घालून गाडी बाहेर काढू नका. नट सैल असताना गाडी चाललीय, त्यामुळे बोल्टचे आटे बघा. रॉडचं भोक लांबट झालंय का बघा. प्लेटला जिथे बोल्ट बसतो त्या कानाला चीर नाही ना, हे कापडाने पुसून उजेडात बघा. ती प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असते, तडा बारीक असला तर ग्रीसखाली दिसत नाही. बोल्ट आणि नट सरळ नवे टाका, स्वस्त असतात. स्प्लिट पिन एकदा वाकवून सरळ केली की पुन्हा वापरायची नाही. आणि पिनच्या जागी बाइंडिंगची तार तर कधीच नाही.

घाटमाथा

बऱ्याच गाड्यांत चेन टाइट करताना अ‍ॅक्सलबरोबर टॉर्क रॉडचा नटही सैल करावा लागतो. तुमच्याकडे शू आणि चेन दोन्ही कामं एकदम झाली, म्हणजे तो नट नक्की उघडला गेला.

सरळमार्गी

मला कळत नाही, बोलायचंय कशाला? ओळख असली म्हणून काय झालं? ब्रेकचं काम करून नट न कसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. गॅरेज बदला, ग्राहक मंचात तक्रार टाका आणि गूगलवर फोटोसकट लिहा. बाकीचे लोक तरी सावध होतील.

कलम_चौतीस

कायद्याचं मी सांगतो, मग तुम्ही ठरवा.

पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सेवाच आहे, मग ती अधिकृत सर्व्हिस सेंटरने केलेली असो की कोपऱ्यावरच्या गॅरेजने. त्यातली हयगय ही सेवेतली त्रुटी धरली जाते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे (पूर्वीचा ग्राहक मंच) जाते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. ऑनलाइन दाखल करायची सोय ई-जागृती पोर्टलवर आहे. त्याआधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

अडचण पुराव्याची येते. छोट्या गॅरेजात बिल कुणी मागत नाही. तुमच्याकडे यूपीआयची नोंद असेल तर पैसे दिल्याचं दिसेल, पण काम कोणतं केलं ते त्यात दिसणार नाही. म्हणून यापुढे साध्या वहीच्या कागदावर का होईना, तारीख, किलोमीटर आणि काय काय बदललं ते लिहून घ्या. सर्व्हिस सेंटरला गेलात तर जॉब कार्डची प्रत सोडू नका.

तुमच्या बाबतीत अपघात झालेला नाही, खर्च झाला तो नट-बोल्टचा. माझं स्पष्ट मत: आयोगाची वाट त्या प्रसंगासाठी ठेवा जेव्हा समोरचा ऐकूनच घेत नाही किंवा नुकसान मोठं आहे. आधी समोरासमोर बोलणं हेच योग्य.

दुचाकीताई

सरळमार्गी, राग पटतो. पण गूगलवर लिहून त्या माणसाला आधी कळणार, की ज्यांच्या गाड्या आत्ता रस्त्यावर आहेत त्यांना?

पंधरा_सतराचा_पाना

मी सांगली जिल्ह्यात गॅरेज चालवतो. हा धागा वाचून गप्प बसवलं नाही. मेस्त्रीची बाजू घ्यायला आलेलो नाही, ब्रेकवरचा नट सैल राहणं याला माफी नाही. पण अशी चूक कुठून येते ते समजलं तर तुम्हाला त्याच्याशी नेमकं बोलता येईल.

शू बदलायचे म्हणजे चाक बाहेर काढायचं. परत बसवताना योग्य क्रम असा: अ‍ॅक्सल घालायचा, नट हातानेच लावायचा, टॉर्क रॉडचा नटही हातानेच. मग अ‍ॅडजस्टरने चेनचा खेळ जमवायचा, चिमट्यावरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या करायच्या, अ‍ॅक्सल कसायचा, शेवटी टॉर्क रॉड कसून पिन घालायची आणि ब्रेकचा खेळ लावायचा. म्हणजे बरोबर पद्धतीने काम केलं तरी काही मिनिटं तो नट हाताने लावलेलाच असतो. दिसायला लावलेला, पण कसलेला नाही. नेमकं त्याच वेळी कुणीतरी येतं: "दोन मिनिटांचं काम आहे, क्लच वायर तुटलीय, ऑफिसला उशीर होतोय." मेस्त्री उठतो. परत येऊन बसतो तेव्हा किंवा मुलगा काम पुढे घेतो तेव्हा नट जागेवर दिसतो, आणि हात ब्रेक अ‍ॅडजस्ट करायला जातो.

तुमचा ब्रेक घासत होता, त्याचं कारणही बहुधा हेच. चेन ताणली की चाक मागे सरकतं. चाक मागे सरकलं की ब्रेक रॉड आपोआप ताणला जातो, म्हणून चेननंतर ब्रेकचा खेळ पुन्हा लावावाच लागतो. तो लावला गेला नाही. याचा अर्थ शेवटचा टप्पा सगळाच्या सगळा राहिला: रॉड, पिन, ब्रेक. मला तरी वाटतं काम मध्येच हातबदल झालं.

लॉकचं वेगळं. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असलं पाहिजे, म्हणजे काही आपटलं तरी उघडं टोक पुढून मार खात नाही. चेनची वरची बाजू पुढे धावते आणि खालची मागे. लॉक वर असेल तर बंद टोक पुढे, खाली असेल तर बंद टोक मागे. शिकाऊ मुलाला "बंद टोक पुढे" एवढंच सांगितलेलं असतं. लॉक खालच्या बाजूला आलेलं असताना त्याने ते पुढे तोंड करून बसवलं की उलटं झालं. यात त्याचा आळस नाही, त्याला अर्धंच शिकवलं गेलंय.

माझ्या गॅरेजात आता एक पद्धत आहे. नट शेवटचा कसला की त्यावर आणि शेजारच्या धातूवर पेंट मार्करची एकच आडवी रेघ ओढायची. रेघ नाही म्हणजे नट कसलेला नाही, मग तो दिसायला कसाही असो. आणि काम अर्धवट सोडून उठायचं असेल तर पाना त्याच नटावर अडकवून उठायचं. खर्च एका मार्करचा.

आता तुमचा मूळ प्रश्न. जा आणि सांगा, उद्याच सांगा. तुमची गाडी आता सुरक्षित आहे, पण त्या हाताने त्या महिन्यात आणखी किती मागची चाकं उघडली असतील? ते फक्त त्याला माहीत आहे. त्याला कळलं नाही तर त्या गाड्या तशाच फिरणार. गॅरेज बदलून तुमचा प्रश्न सुटेल, त्यांचा सुटणार नाही.

रिंगपाना

वरच्या प्रतिसादातला शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी दोनदा वाचावा.

कृष्णाकाठ

मनापासून आभार. चूक सांगायची ती मुख्यतः दुसऱ्या गाड्यांसाठी, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फक्त विश्वासाचा विचार करत बसलो होतो. दुपारी गॅरेजात गर्दी नसते, तेव्हा जातो. जुना बोल्ट आणि नट बरोबर नेतो. कुणासमोर बोलायचं नाही, बाजूला घेऊन सांगायचं असं ठरवलंय.

सरळमार्गी

बरोबर कुणाला तरी घेऊन जा. आणि तो "गाडी तुम्हीच उघडली असेल" म्हणाला तर काय करणार, ते आधी ठरवा.

कलम_चौतीस

हा मुद्दा खरा आहे. घरी काम करणाऱ्यांना हे हमखास ऐकावं लागतं. म्हणून काहीही हलवण्याआधी फोटो काढायचे: एक लांबून, ज्यात नंबर प्लेट आणि तो भाग दोन्ही दिसतात, आणि एक जवळून. फोनमध्ये वेळ आपोआप नोंदली जाते. नट कसण्याआधीचा फोटो नसेल तर बोलण्यात वजन राहत नाही.

मोपेडवाली

मध्येच विचारते, माफ करा. माझी स्कूटर आहे, 110 सीसी, पुढे-मागे ड्रम. त्यात हा टॉर्क रॉड असतो का? मी काय तपासू?

रिंगपाना

ताई, स्कूटरला मागे टॉर्क रॉड नसतो. शू सरळ इंजिनच्या केसिंगवर बसतात आणि चाक बहुतेक स्कूटरमध्ये मधल्या एकाच मोठ्या नटावर असतं. म्हणून मागचं पंक्चर काढताना चाक उतरवलं असेल तर तो नट नीट कसलाय ना, हे पंक्चरवाल्यासमोरच विचारा. बाहेरून पान्याने ताण देऊन बघता येतं.

पुढे मात्र लक्ष द्या. पुढच्या ड्रमची प्लेट फिरू नये म्हणून तिला एक खाच असते आणि ती फोर्कवरच्या खुंटीत अडकते. रचना गाडीप्रमाणे थोडी बदलते, तत्त्व तेच. चाक बसवताना खाच खुंटीत न बसवता अ‍ॅक्सल कसला तर पुढची प्लेट फिरू शकते, आणि ते मागच्यापेक्षा भयंकर. चाक बसवल्यावर खाली वाकून खुंटी खाचेत आहे ना, हे डोळ्याने बघा. टॉर्च लागेल.

आणखी एक. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. तुमची त्यानंतरची असेल तर डावा लिव्हर दाबला की पुढचाही ब्रेक काही प्रमाणात लागतो. त्यामुळे मागचा ब्रेक अ‍ॅडजस्ट केला की गाडी स्टँडवर घेऊन दोन्ही चाकं मोकळी फिरतात का, हे बघायचं.

मोपेडवाली

खुंटी-खाचेचं कुणीच सांगितलं नव्हतं. आजच बघते.

कृष्णाकाठ

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

मेस्त्रीला बाजूला घेतलं, फोटो दाखवले, बोल्ट हातात दिला. म्हटलं, "भांडायला आलो नाही. ही गाडी माझी पोरगी चालवते. हे कसं राहिलं ते मला समजून घ्यायचंय." तो बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिला. "गाडी तुम्हीच उघडली" वगैरे काही म्हणाला नाही. त्या दिवशी शूचं काम मुलाने केलं होतं आणि मेस्त्री मध्ये पार्ट आणायला गेला होता, हे त्यानेच सांगितलं. मुलाला हाक मारली. मला भीती होती की तो पोराला माझ्यासमोर बोलेल. तसं केलं नाही. त्याच्या हातात बोल्ट दिला आणि विचारलं, "यात काय नाही?" मुलाने लगेच ओळखलं.

मग मी दुसऱ्या गाड्यांचं काढलं. त्याच्याकडे वही नाही, पण शू कुणाकुणाला विकले ते त्याला आठवत होतं, काही नंबर यूपीआयच्या यादीत सापडले. माझ्यासमोर बसून त्याने फोन केले. "गाडी जवळ असेल तर घेऊन या, एक नट बघायचाय, पैसे नाहीत." संध्याकाळी त्याचाच मला फोन आला: आलेल्या गाड्यांपैकी एकीला पिन नव्हती. नट कसलेला होता, पण पिन नव्हती. ते गृहस्थ दूध घालायला रोज पहाटे त्या गाडीवरून जातात.

मार्करची रेघ आणि नटावर पाना अडकवून उठायची पद्धत सांगितली. रेघ त्याला पटली. पाना अडकवायचं म्हणाल तर त्याच्याकडे त्या मापाचे पाने मोजकेच आहेत, दुसऱ्या गाडीला लागतात. त्यावर त्याने स्वतःच सांगितलं, अर्धं काम असलेल्या गाडीच्या हँडलला लाल फडकं बांधेन.

पैशाचं: लेबर परत देतो म्हणाला, मी घेतलं नाही. नवा बोल्ट, नट, पिन आणि चेनचं नवं लॉक त्याने त्याच्याकडून टाकलं. प्लेटचा कान ठीक आहे, रॉडचं भोकही ठीक. चेन इतके दिवस ताठ चालली, त्याबद्दल कुणी सांगाल का? मागच्या हबमधून आवाज नाही.

सरळमार्गी

लेबर परत घ्यायला हवं होतं, असं अजूनही वाटतं. पण दूधवाल्यांच्या गाडीचं वाचून मी माझं गूगलवाल्या सल्ल्याचं मत बदलतोय.

घाटमाथा

ताठ चेनचं: गाडीवर माणूस बसला की चिमटा वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते, म्हणून स्टँडवर ताठ असलेली चेन रस्त्यावर फारच ताठ होते. तो ताण पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दात्यांच्या चक्राच्या) शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या हबच्या बेअरिंगवर येतो. चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून आडवं हलवा. खेळ नसेल, फिरवताना खरखर नसेल तर बेअरिंग ठीक. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागून तेल गळतंय का, तेही बघा. तिथलं सील ताणामुळे जाऊ शकतं. महिनाभराच्या वापरात सहसा काही होत नाही.

खेळ मोजताना चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा. जुनी चेन सगळीकडे सारखी वाढत नाही. जिथे सगळ्यात ताठ लागते तिथला खेळ मॅन्युअलप्रमाणे ठेवायचा.

पंधरा_सतराचा_पाना

कृष्णाकाठ, तुमच्या मेस्त्रीला माझा नमस्कार सांगा. गिऱ्हाइकाला स्वतःहून फोन करून "माझ्याकडून राहिलं असेल, बघून घेतो" म्हणायला या धंद्यात फार धीर लागतो. लोक लगेच दुसरीकडे जातात, ही भीती खरी आहे. लाल फडक्याची कल्पना मी उद्यापासून घेतोय.

बाकीची जुनी कामं तपासावी का, असं विचारलं होतंत. इंजिन उघडायची गरज नाही. ज्या जागा सुटल्या तर माणूस पडतो तेवढ्याच बघा: दोन्ही अ‍ॅक्सल, पुढच्या डिस्कला पकडणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट, हँडलचे क्लॅम्प, ब्रेकच्या पेडलची पिन. तेलाचा ड्रेन बोल्टही बघा, पण तो बहुतेक ठिकाणी सैल नसतो, उलट गरजेपेक्षा जास्त कसलेला असतो. त्याला उगाच ताण देऊ नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. गळत नसेल तर पुढच्या ऑइल बदलीपर्यंत तसाच राहू द्या.

कृष्णाकाठ

कॅलिपरचे बोल्ट हाताच्या अंदाजाने तपासू, की टॉर्क रेंच (ठरवलेल्या ताणापर्यंतच कसणारा पाना) घ्यावा? ऑनलाइन अर्धा इंची ड्राइव्हचा, 40 ते 200 न्यूटन-मीटरचा मिळतोय.

रिंगपाना

तो घेऊ नका. आपल्या गाड्यांवरचे बहुतेक बोल्ट त्या रेंजच्या खालीच आहेत. साधारण अंदाज म्हणून: 6 मिलिमीटर व्यासाचा बोल्ट 10 न्यूटन-मीटरच्या आसपास, 8 चा 22, 10 चा 34. नेमका आकडा मॅन्युअलमधलाच घ्यायचा, कारण कॅलिपर आणि अ‍ॅक्सलचे आकडे वेगळे असतात. तीन अष्टमांश इंची ड्राइव्हचा, 5 पासून 50-60 पर्यंतचा रेंच बघा. त्यात कॅलिपर, टॉर्क रॉड आणि ड्रेन बोल्ट तिन्ही बसतात. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा त्याहून जास्त असेल तर तो मेस्त्रीकडून कसून घ्या आणि रेघ मारून घ्या. काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून रीडिंग चुकतं.